31 डिसेंबरला पार्टीऐवजी रेगे लावून गेल्या वर्षाचा विचार करता येतो का?

तुम्ही विचारलंय की यंदा डीजे, पार्टी काही नको, घरीच बसून सरत्या वर्षाचा जरा विचार करायचाय, तर रेगे, म्हणजे जमैकाचं ते संगीत, चालेल का, की ते नुसतं गोव्यातल्या शॅकवरचं म्युझिक आहे. चालतं की. मी गेली चार वर्षं हेच करतोय.

आधी ठेक्याचं सांगतो कारण खरी गंमत तिथंच आहे. माझे बाबा भजनाला तबला वाजवतात, पहिल्या वर्षी ते सहज शेजारी येऊन बसले, मांडीवर ठेका धरायला गेले आणि दोन मिनिटांत वैतागले, "अरे, यांची सम कुठं गेली?" तर याला वन ड्रॉप म्हणतात, पहिल्या मात्रेवर ड्रमर चक्क काहीच वाजवत नाही, किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीनं वाजवायचा कडक आवाजाचा) दोन्ही एकदम तिसरीवर पडतात आणि गिटार दोन आणि चारवर चक् चक् करत राहते. बॉब मार्लेच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट यातला उस्ताद. (सगळंच रेगे असं नसतं, पण बरंच असतं.) मी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मग आपल्या रूपक तालातही समेवरच खाली असते की," आणि मग मात्र उठलेच नाहीत. बाहेर सगळं जग एक तारखेवर दणका द्यायच्या तयारीत असतं आणि इथं पहिलीच जागा मोकळी, त्यामुळे डोकं आपोआप मागं रेंगाळतं, निदान माझं तरी.

काय ऐकायचं म्हणाल तर बॉब मार्लेचा एक्सोडस हा अल्बम, पण शफलवर नको, क्रमानं. 3 डिसेंबर 1976 ला जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, त्याच्या राहत्या घरात घुसून गोळीबार झाला, तो, बायको रीटा, मॅनेजर सगळे जखमी, आणि दोनच दिवसांनी हा माणूस ठरलेल्या फुकट कॉन्सर्टला जाऊन गायला. मग जमैका सोडली, 1977 लंडनमध्ये काढलं आणि तिथंच हा अल्बम केला. पहिल्या बाजूला सगळं जडजड, देश सोडणं, कोण खरं कोण खोटं, आणि रेकॉर्ड उलटली की एकदम प्रेमाची, धीर देणारी गाणी. शॅकवर वाजतात ती बहुतेक या दुसऱ्या बाजूची. पहिली बाजू ऐकून मग तीच ऐका, वेगळीच लागतात.

दुसरा टू सेव्हन्स क्लॅश, कल्चर या ग्रुपचा, तोही 1977 चाच. जमैकातला कृष्णवर्णीयांचा नेता मार्कस गार्वी याच्या नावानं सांगितलं जाणारं एक भाकीत होतं की दोन सात एकमेकांवर आदळले की मोठी उलथापालथ होणार, कल्चरचा गायक जोसेफ हिलनं त्यावर गाणं केलं. म्हणतात की 7 जुलै 1977 ला किंग्स्टनमध्ये बरेच लोक घाबरून घराबाहेरच पडले नाहीत. आपल्याकडं ग्रहणात बसतात तसं. पण गाणं भीतीचं नाहीये, चाल इतकी उड्या मारणारी आहे की पहिल्यांदा मला विषयच कळला नव्हता.

आणि 31 तारीख हुकली तर टेन्शन घेऊ नका. रास्ता लोक (रेगेशी जोडलेला जमैकातला धर्मपंथ) इथिओपियाला मानतात आणि तिथलं नवीन वर्ष 11 सप्टेंबरच्या आसपास लागतं, शिवाय आपला पाडवा आहेच.

एक चूक मात्र करू नका. पहिल्या वर्षी मी मोबाईलच्याच स्पीकरवर लावलं होतं. रेग्यात अर्धं गाणं बासमध्ये असतं आणि ते फोनवर ऐकूच येत नाही, नुसती गिटारची टिकटिक, त्यात मी अकरालाच झोपलो. बरा हेडफोन घ्या, नाहीतर शेजारच्यांना आधी सांगून मोठा स्पीकर लावा.