क्लोरीनच्या टोनरसाठी आपत्कालीन आराखडा कसा लिहावा?

तुमचा प्रश्न असा: सातपूर एमआयडीसीत पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर नुकतेच सुपरवायझर झालात, ९०० किलोचे क्लोरीनचे दोन टोनर (आडवे ठेवायचे मोठे पोलादी सिलिंडर) आहेत, साहेबांनी आराखडा मागितलाय, सुरुवात कुठून करू?

रात्रपाळीपासून करा. दिवसा तुम्ही असता, मेंटेनन्सवाले असतात. पहाटे तीनला एक ऑपरेटर आणि गेटवर वॉचमन. त्या दोघांनी पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, ते साध्या मराठीत एका पानावर लिहा आणि भिंतीवर लावा. जाडजूड फाइल मागाहून.

आखणी हिवाळ्याची रात्र धरून करा. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड. आपल्याकडच्या थंडीत रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार असते, आणि गॅस विरून न जाता गटारांतून, पंपाच्या खड्ड्यांतून उताराकडे सरकतो. त्यामुळे 'सर्वांनी गेटपाशी जमावे' एवढ्यावर भागत नाही. जमायच्या जागा दोन ठेवा, विरुद्ध दिशांना. विंडसॉकवर (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीवर) दिवा लावा. गॅसच्या पट्ट्यातून वाऱ्याला आडवं निघायचं, मग वारा येतोय त्या बाजूला, जमलं तर उंचावर.

गळती बहुतेक वेळा जोडणीत किंवा व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये (दांड्याभोवतीच्या पॅकिंगच्या जागी) असते. टोनर बदलताना शिशाची वॉशर दर वेळी नवीच घाला; जुनी 'चालतेय की' म्हणून परत बसवू देऊ नका. बारीक गळती शोधायला अमोनियाच्या बाटलीची नुसती वाफ जोडणीजवळ न्यायची, पांढरा धूर दिसतो. द्रव मात्र पितळेवर शिंपडू नका.

गळतीवर पाणी कधीच मारायचं नाही, हे ठळक लिहा. पाण्याने आम्ल तयार होतं, धातू खातं आणि भोक वाढतं. आग जवळ असेल तर गोष्ट वेगळी: टोनर गळत नसेल तर लांबून पाणी मारून गार ठेवा, कारण त्याचे फ्युजिबल प्लग (उष्णतेने वितळून गॅस बाहेर सोडणारी बुचं) साधारण ७० अंशांना वितळतात. टोनरच्याच पत्र्याला भोक पडून द्रव क्लोरीन येत असेल तर प्रशिक्षित माणसांनी टोनर फिरवून भोक वरच्या बाजूला आणायचं. म्हणजे द्रवाऐवजी वायू येतो आणि गळती बरीच घटते. द्रवाचं वायू होताना आकारमान साडेचारशे पटींहून जास्त होतं, म्हणून हा फरक फार मोठा आहे.

श्वासाचा एससीबीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा मास्क) कुठे आहे, आज जाऊन बघा. कित्येक ठिकाणी तो क्लोरीन रूममध्येच, कुलपाच्या कपाटात असतो. गळती झाली की तिथवर जायचं कसं? दोन सेट बाहेर, बिनकुलपाचे ठेवा. कॅनिस्टरचा (गाळणीच्या डब्याचा) मास्क फक्त बाहेर पडण्यासाठी. सेट घालून आत एकट्याने जायचं नाही. दोघं नसतील तर गेट बंद करून १०१ आणि ११२ लावायचे, आणि शेजारच्या कंपन्यांना कळवायचं. ते नंबर गेटवर लिहा.

गॅस लागलेल्याला मोकळ्या हवेत न्या, कपडे काढा, डोळे पंधरा मिनिटं पाण्याने धुवा, १०८ बोलवा. गूळ-दूध देत बसू नका. 'आता बरं वाटतंय' म्हणाला तरी दवाखान्यात न्याच, फुफ्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं.

१९८९च्या घातक रसायनांच्या नियमांत मोठा साठा असलेल्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल सांगितलंय. तुमचा साठा त्यात बसत नसला तरी घ्या. अग्निशमन दलाला आधी कळवा, कामगारांना नको, आणि वेळ ठेवा रात्रपाळीची.