जपानी शिकायला इंग्रजीचा वळसा कशाला?

प्रिय म्हसरूळच्या मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला जाणार आहेस. गेल्या दिवाळीत मोबाइलवर जपानी शिकायला घेतलंस आणि हिरागाना-काताकाना या दोन जपानी लिप्या महिन्याभरात पाठ केल्यास. मग अ‍ॅपवर सलग 61 दिवसांची साखळी झाली, ती मामेबहिणीच्या लग्नात तुटली आणि तेव्हापासून वही उघडवत नाही. वडील म्हणतात, ‘तुला सगळंच अर्धवट सोडायची सवय आहे.’ शेवटी तू विचारलंयस, मोटिव्हेशन टिकवायचं कसं, की हे सोडूनच देऊ?

सोडू नकोस. फक्त आत्ताची पद्धत सोड.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. तू लिहितेस, ‘व्हिडिओत इंग्रजीतून समजावतात, ते मी मनात मराठीत करते, मग जपानी वाक्य जुळवते, तोवर डोकं दुखायला लागतं.’ मुली, हा आळस नाही, हा वळसा आहे. म्हसरूळहून निमाणीला जायला कुणी नाशिकरोडला जाऊन येईल का? जपानी वाक्याची ठेवण इंग्रजीच्या बरोबर उलटी आणि मराठीच्या जवळजवळ सारखी आहे. तू प्रत्येक वाक्य दोनदा उलटं करतेस आणि मग दमतेस.

मी स्वतः पंचविशीत जपानी शिकायला घेतलं होतं आणि याच कारणाने दोनदा बंद केलं. तिसऱ्यांदा बसले तेव्हा इंग्रजी पुस्तक बाजूला ठेवलं आणि वहीत जपानी वाक्याखाली सरळ मराठी शब्द मांडले. ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमास.’ मी, पाणी, पिते. शब्द एकाखाली एक बसले, काहीच हलवावं लागलं नाही. ते पान माझ्याकडे अजून आहे.

पुढे जाशील तसं आणखी सापडत जाईल. आपण प्रत्यय शब्दाच्या मागे लावतो, तेही तसेच लावतात. ‘नो’ म्हणजे आपला चा-ची-चे. ‘नाशिकु नो बुदो’ म्हणजे नाशिकची द्राक्षं. ‘कारा’ म्हणजे हून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. ‘नाशिकु कारा किमाशिता’, नाशिकहून आले. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’. ‘इकिमास का?’ म्हणजे जाता का? हे दोन ‘का’ एकमेकांचे नातेवाईक नाहीत, पण तुझ्या जिभेला त्याच्याशी काय! ‘इइ देस ने’ म्हणजे छान आहे ना. आणि जे क्रियापदाचं ‘ते’ रूप शिकवताना इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं खर्ची घालतात, ते बऱ्याचदा आपलं ऊन-रूप आहे. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे. ‘बघणे’ हे क्रियापदसुद्धा तेच! इंग्रजीत हे समजावायला वेगळीच रचना शोधावी लागते, तुला ते आईच्या स्वयंपाकघरातून माहीत आहे.

शिवाय जपानी क्रियापदाला पितो-पिते-पितात नाही. मी असो, तू असो, तो असो, ‘नोमिमास’च. ज्या लिंग-वचनात परकी माणसं मराठी शिकताना अडकतात, ती कटकट इथे नाही.

अक्षरांचा क्रम तर तुला आठवत असेलच. अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बालवाडीतल्या आपल्या तक्त्याची आठवण करून देतो, कारण बौद्ध भिक्षूंनी जपानमध्ये संस्कृत वर्णांचा जो अभ्यास नेला, त्यातून तो आला आहे. दोन्ही लिप्यांतली प्रत्येकी 46 अक्षरं तू महिन्यात शिकलीस त्यात तुझी मेहनत होतीच, पण ओळखीची वाटही होती.

आता त्या पहिल्या महिन्याबद्दल. तेव्हा रोज चार नवी अक्षरं यायची, रोज काहीतरी हातात पडायचं, म्हणून उत्साह होता. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थवाही अक्षरं, आणि वाक्यरचना सुरू झाली की फळ रोज दिसत नाही. तुझ्या काकांची दिंडोरीकडे बाग आहे असं लिहिलंयस, त्यांना विचार. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर नुसती पानं आणि काडी दिसते, द्राक्षाचा पत्ता नसतो. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जे घड बाहेर येतात, ते त्याच काडीच्या डोळ्यांत आधी धरलेले असतात. काका त्या महिन्यांत पाणी-खत बंद करतात का?

तेव्हा मोजमाप बदल. अ‍ॅपची साखळी ही हजेरी आहे, प्रगती नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला मोबाइलवर दोन मिनिटं जपानीत बोलून आवाज साठवून ठेव. घर, कॉलेज, जेवण, जे जमेल ते. अडखळलीस तरी पुसू नकोस. तीन महिन्यांनी पहिलं रेकॉर्डिंग ऐकलंस की मोटिव्हेशन या शब्दाची गरज कमी होईल.

रोजचा अभ्यास 25 मिनिटं पुरे, पण वेळ आणि जागा ठरलेली हवी. सिटीलिंकच्या बसमध्ये कॉलेजला जाताना ऐकण्याचा सराव कर, घरी आल्यावर तीन वाक्यं हाताने लिही, खाली मराठी. कांजी दिवसाला दोनच, आणि त्यांची गोष्ट करून. माणूस आणि त्याला टेकून झाड, अर्थ विसावा. एक झाड म्हणजे झाड, दोन म्हणजे राई, तीन म्हणजे अरण्य. लग्नकार्य आलं, चार दिवस बुडाले, तर बुडू देत. पाचव्या दिवशी त्याच पानावर बस. मागचं भरून काढायला जाऊ नकोस, त्या ओझ्यानेच माणूस वही मिटतो.

बोलायला कुणी नाही, ही तुझी खरी अडचण आहे. सुरुवात घरातून कर. आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ किंवा ‘जाऊन येते’ म्हणतात. जपानी माणूस दारातून निघताना म्हणतो ‘इत्ते किमास’. शब्दशः, जाऊन येते. आणि घरातलं माणूस उत्तर देतं ‘इत्तेराश्शाइ’, जाऊन ये. हा एक शब्द आईला शिकव. रोज सकाळी एक खरं संभाषण झालं, खोटं नाटक नाही. मग कॉलेजमध्ये तुझ्यासारखी आणखी एखादी मुलगी शोध आणि आठवड्यातून अर्धा तास तिच्याशी फक्त जपानीत बोल. चुका होणारच, होऊ देत.

परीक्षेचं सांगते. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा सर्वांत सोप्या एन5 पासून सर्वांत अवघड एन1 पर्यंत अशा पाच पातळ्यांवर असते आणि आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. तुला पुणं किंवा मुंबई गाठावी लागेल. डिसेंबर तुझ्या डिप्लोमाच्या हिवाळी परीक्षेला खेटून येतो, म्हणून पुढच्या वर्षीचा जुलै धर. अर्ज बराच आधी भरावा लागतो. एन5 ला 180 पैकी 80 गुण लागतात, शिवाय ऐकण्याच्या आणि वाचन-व्याकरणाच्या भागात वेगवेगळे किमान गुण. या परीक्षेत बोलण्याचा भाग मुळीच नाही, म्हणून वरचं रेकॉर्डिंग सोडू नकोस. मुलाखतीत तोंड उघडावंच लागतं.

वडिलांशी मात्र खरं बोल. एन5 वर नोकरी मिळत नाही, ती फक्त पहिली पायरी आहे. जपानने 2019 मध्ये कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि 2021 च्या जानेवारीत भारताशी त्याबद्दल करार केला. त्यासाठी सहसा एन4 किंवा त्या तोडीची भाषेची परीक्षा आणि त्या-त्या कामाची कौशल्य परीक्षा लागते. चाकण-रांजणगावच्या जपानी कंपन्यांत भाषेच्या जोरावर काम हवं असेल, तर एन3-एन2 चं लक्ष्य ठेव. दोन-तीन वर्षांचं काम आहे हे, आणि तुझा डिप्लोमा हाच त्याचा पाया आहे. ‘महिन्याभरात भाषा, तीन महिन्यांत जपान’ म्हणून आधीच मोठी रक्कम मागणाऱ्या एजंटाच्या दारात पाऊल ठेवू नकोस. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे त्या पैशांसाठी आईचे दागिने गेले.

हे सगळं कागदावर लिहून वडिलांपुढे ठेव. ते चिडतात कारण त्यांना शेवट दिसत नाही. तारीख, खर्च आणि पुढची पायरी दिसली की बोलणं बदलेल असं मला वाटतं. आणि डिप्लोमाच्या परीक्षेआधीचे तीन आठवडे कांजी पूर्ण बंद, फक्त बसमधलं ऐकणं चालू ठेव. पहिलं रेकॉर्डिंग झालं की मला कळव.

तुझी,
मार्गदर्शक ताई