सगळं घरचंच पाहिजे, पण करणारी एकटीच

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रं पण दिसत नाही आणि याच दिवसांत तुमचे प्रश्न सगळ्यात जास्त येतात. बहुतेक दुपारी लेकरू झोपलं की टाइप करत असाल, कारण अर्धे मेल मधेच तुटलेले असतात, एकीने तर "उठला, नंतर लिहिते" एवढंच लिहून पाठवून दिलं आणि नंतर काही आलंच नाही. यावेळी तीनच प्रश्न घेतलेत, पहिला मोठा आहे म्हणून उत्तर पण लांबलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. मी भुसावळला राहते, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मोठी मुलगी साडेचार वर्षांची, लहाना सात महिन्यांचा. माझी बाळंतपणाची रजा एप्रिलमध्ये संपली, आता शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे पण जूनमध्ये काय होईल याची आत्तापासूनच धडकी भरलीय. मिस्टर रेल्वेत, शिफ्ट ड्युटी. सासूबाई स्वभावाने चांगल्या पण गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही त्यांना. मी प्रेग्नन्सीपासून नैसर्गिक पालकत्वाचे व्हिडिओ बघते, मला ते मनापासून पटतं, म्हणून ठरवलं की डायपर नाही फक्त कापडी लंगोट, साबण नाही बेसन-हळद, बाळाचं खाणं सगळं घरचं, नाचणीसत्व पण मीच मोड आणून करते, मोठीला टीव्ही-मोबाईल अजिबात नाही. सकाळी साडेचारला उठते, नळाला पाणी चार दिवसाआड येतं त्या दिवशी साडेतीनला. केस मूठमूठ गळू राहिलेत. परवा लंगोट धुता धुता रडायलाच लागले, का ते मलाच कळेना. आणि वरून व्हिडिओतली बाई म्हणते रोज एक तास स्वतःसाठी काढा. कुठून काढू? नोकरी सोडून द्यावी असं पण येतं मनात. मीच कमी पडते का?

उत्तर: अगं, साडेतीनला उठून पाणी भरते आणि मलाच विचारते कमी पडते का. तुझा मेल वाचताना मी एका पाकिटाच्या मागे तुझी कामं लिहीत गेले, सतरा झाली, त्यात शाळा धरलेली नाही.

तुला एक सांगते. माझी आजी यावलकडची. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे करायचे, म्हणजे ज्वारीचे पापड, पहाटे चारला चूल पेटायची आणि आम्ही पोरं गोधडीतून बघायचो. एक बाई घाटा हाटायची, दोघी प्लॅस्टिकवर थापायच्या, एक थापलेलं पसरवायला आणि मोठी काकू भिंतीला टेकून बसलेली, पाटीत शेंगदाणे, हात सोलण्यात आणि पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधलेली. झोळीत कोणाचं ना कोणाचं लेकरू. पाय हलत राहायचा, काकूचं गप्पांमधलं लक्ष काही तुटायचं नाही. ते लेकरू कापडी लंगोटातच होतं आणि घरचंच खात होतं, सगळं तू म्हणतेस तसंच, पण गच्चीवर बाया पाच होत्या. तू हे सगळं उचललंस फक्त त्या बाकीच्या चौघी तुझ्याकडे नाहीत, आणि व्हिडिओवालीकडे पण नसणार, तिच्याकडे कामवाली आणि कॅमेरावाला आहे एवढं मी तुला न बघता सांगते.

म्हणून तुझ्या यादीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते बघू, पटलं तर घे.

लंगोट दिवसा ठेव, मे महिन्यात अर्ध्या तासात कडक वाळतात आणि उघड्या अंगाला बरंच असतं. रात्री डायपर लाव. पाणी येत नाही त्या दिवसांत पण डायपर लाव, ड्रममधलं पाणी प्यायला का लंगोटाला हा हिशोब बाळंतिणीने करायचा नसतो. मी पण माझ्या मोठ्याच्या वेळी हट्ट केला होता, भर पावसाळ्यात, लंगोट वाळायचे नाहीत म्हणून रात्री अकराला इस्त्री फिरवत बसायची, एकदा तिथेच डुलकी लागली आणि लंगोटासकट खालची चादर जळाली. वास आला म्हणून उठले. पोराला पुरळ आली ती वेगळीच, दमट लंगोटाने. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने न विचारता डायपरचं पाकीट आणलं आणि मी ओरडले त्याच्यावर, आता हसू येतं.

बेसन-हळद सोडच. सात महिन्यांची कातडी पातळ असते, रगडल्याने उलट लाल होते, साधा सौम्य साबण चालतो आणि गरमीत नुसतं पाणी पण चालतं. नाचणीसत्व पण सोड. नाचणी वाईट म्हणून नाही गं, पण आपल्या घरात दादरचं, म्हणजे ज्वारीचं पीठ डब्यात भरलेलं असताना मोड आणा, वाळवा, भाजा, दळा, चाळा हे कोणासाठी? ज्वारीच्या पिठाची पातळ पेज कर, वर साजूक तूप. तुरीचं वरण शिजलं की फोडणी, मीठ, मसाला पडायच्या आधी दोन डाव बाजूला काढ, आपला काळा मसाला एकदा पडला की ती भाजी मोठ्या माणसाला पण घाम फोडते. त्यात मऊ भात कुस्कर, झालं बाळाचं जेवण, वेगळं भांडं नाही. एक वर्षापर्यंत मीठ-साखर घालायचीच नाही म्हणजे तेवढंच कमी काम. आणि केळं! रावेर-यावलची केळी देशभर जातात आणि इथल्या घरात ऐकते मी "नको, सर्दी होईल". केळ्याने सर्दी होत नाही, सर्दी व्हायरसने होते. पिकलेलं केळं काट्याने कुस्करलं की दोन मिनिटांत काम होतं, गॅस पेटवायचा नाही.

मोठीचा टीव्ही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, पण तीन-चार वर्षांच्या पोरांना दिवसात १ तासाच्या आत चालतं, जितकं कमी तितकं बरं. म्हणजे तू पोळ्या लाटत असताना तिने वीस मिनिटं कार्टून बघितलं तर तू काही पाप करत नाहीस.

आता केस. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळायला लागतात, पोटुशी असताना जे गळायचे थांबलेले असतात ते एकदम जातात आणि बहुतेक जणींचं बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबतं. महागडं तेल घेऊ नको. पण एवढा थकवा आहे म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे, या आठवड्यात, बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडतो बऱ्याच जणींचा आणि बायका समजतात जागरणाने होऊ राहिलं. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात, रोज एक, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तू घेतल्यास का? मला वाटतं पहिल्या महिन्यातच पोट बिघडतं म्हणून बंद केल्या असतील, सगळ्या तेच करतात. दिवस उलटून गेले असले तरी रिपोर्ट दाखवून डॉक्टरला विचार. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमीच धरतात. आणि जेवणावर लगेच चहा नको, तास-दीड तास जाऊ दे, चहाने लोह अंगी लागत नाही. भाकरीबरोबर लिंबू पिळलेला कांदा खा, त्याने लागतं.

रडण्याचं मी शेवटी ठेवलं नाही, मधे ठेवलंय म्हणजे तू सोडून पुढे जाणार नाहीस. एखाद्या दिवशी रडू येणं वेगळं. पण दोन आठवडे झाले, रोज असंच वाटतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी तुला झोप नाही, किंवा जीव नकोसा वाटतो, असं काही असेल तर तो आजार आहे, त्यावर औषध आहे, दूध पाजताना चालणारं पण आहे. १४४१६ वर फोन कर, टेली मानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट, रात्री-बेरात्री पण उचलतात, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला तर थांबू नको, त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी उठव आणि दवाखान्यात जा.

मिस्टरांचं. शिफ्ट ड्युटीवाला माणूस दिवसा घरी असतो हे मला रेल्वे क्वार्टरमधल्या मैत्रिणीमुळे चांगलं माहितेय. त्यांच्या ड्युटीचा कागद फ्रिजवर लाव आणि त्याच कागदावर नळाचे दिवस लिही. ज्या पहाटे ते घरी असतील त्या पहाटेचं पाणी त्यांचं, तू उठायचंच नाही, मोटरचा आवाज आला तरी नाही. लंगोट पण त्यांनी धुतले तर कापड फाटत नाही. "मदत करा ना" म्हणू नको फक्त, मदत म्हटलं की आभार मानावे लागतात. सासूबाईंना बसून होणारी कामं दे, खुर्चीवर बसून बाळाला भरवणं, मोठीला गोष्ट, लसूण सोलणं, त्यांना पण आवडतं बहुतेक, आपणच विचारत नाही.

जूनमध्ये दुधाचं असं कर. सकाळी हाताने काढून स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या वाटीत ठेव. बाहेर साधारण २५ डिग्रीला ४ तास टिकतं असं सांगतात पण आपल्या स्वयंपाकघरात २५ डिग्री कधी असते, म्हणून काढलं की सरळ फ्रिजमध्ये, तिथे ४ दिवस चालतं. लाइट जास्त वेळ गेली तर लगेच वापरून टाका. गॅसवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. बाळाने उष्टं केलेलं २ तासांनी फेकायचं, जीव जळतो पण फेकायचं.

एक तास वगैरे विसर. शाळेतून आली की दाराबाहेरच्या ओट्यावर चप्पल काढायची, हात-पाय धुवायचे आणि बाळाला घेऊन सरळ आडवं व्हायचं, कुशीवर, तसंच पाजायचं. अर्धा तास पाठ टेकते, बाळाला आई मिळते आणि घरातलं कोणी काही बोलू शकत नाही कारण तू "पाजतेय". भांडी तिथेच राहतात, पळत नाहीत.

नोकरीचं मे महिन्यात ठरवू नको. पावसाळा लागू दे, रिपोर्ट येऊ दे, मग लिही मला.

प्रश्न: माझं बाळ ४ महिन्यांचं आहे, रावेर तालुका. ४५ च्या वर जातं इथे. घरातले सगळे म्हणतात बाळाचा घसा कोरडा पडतो, चमचाभर पाणी पाज, गूळ-पाणी पाज. डॉक्टर म्हणाले नको. कोणाचं ऐकू?

उत्तर: डॉक्टरचं. आईच्या दुधात ८० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, ६ महिन्यांपर्यंत वरचं पाणी लागत नाही, एवढ्या उन्हात पण नाही. पाण्याने पोट भरतं मग दूध कमी पितं, आणि पाण्यातून जुलाब लागले तर उन्हाळ्यात ते फार महागात पडतं. गूळ-पाणी तर नाहीच. त्याऐवजी जास्त वेळा पाज, मागेल तेव्हा, थोडं थोडं, आणि पाणी तू पी. पाजायला बसताना तांब्या शेजारी ठेवायचा, ताक, पन्हं, लिंबू सरबत काहीही.

बाळ दिवसात ६ वेळा किंवा जास्त शू करतंय आणि शू पिवळीजर्द नाही तर पाणी पुरतंय. शू कमी झाली, तोंड कोरडं, टाळू खोल गेली, बाळ मलूल पडलं, दूध ओढत नाही, अंग तापलं, तर संध्याकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. कूलर चालतो, फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते, आणि वारा सरळ अंगावर नको. एक सुती झबलं बास. टोपी-मोजे घालून ठेवतात ना घरात, ते काढ आधी. बाईकवर जाताना पदरात पूर्ण गुंडाळू नको, आत हवा लागत नाही, आणि ११ ते ४ जायचंच कशाला.

प्रश्न: मी अमळनेरहून लिहिते. माझं वय ६१. नात दीड महिन्याची. सून काजळ घालू देत नाही, मधाचं बोट चाटवू देत नाही, शेगडी खोलीत नको म्हणते. आम्ही चार लेकरं अशीच वाढवली, ती काय वाईट झाली? मी आता काय नुसतं बघत बसू?

उत्तर: आक्का, चार वाढवलीत म्हणूनच तुमच्याशी सरळ बोलते. या तिन्ही बाबतीत सूनबाई बरोबर आहे. मधात कधी कधी एका जंतूचं बी असतं, आपल्याला काही होत नाही पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते उगवतं आणि बाळ लुळं पडू शकतं, म्हणून पहिलं वर्ष मध नाही. काही काजळ-सुरम्यात शिसं सापडतं, आणि घरी पाडलेलं असलं तरी बोट डोळ्यात जातंच. दृष्टीचं मन खात असेल तर तीट पायाच्या तळव्याला लावा, तिथे कोणी नाही म्हणत नाही. शेगडी दार-खिडकी लावून खोलीत ठेवली की कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वास पण नसतो. शेक द्यायचाच तर बाळंतिणीला गरम पाण्याच्या पिशवीने द्या.

आणि नुसतं बघत बसायचं काय, रात्री दोनला पाजून झालं की ढेकर काढायला नात तुमच्या खांद्यावर घ्या ना, सुनेला तेवढी झोप मिळेल. चार लेकरांचे ढेकर काढलेल्या हाताला ते जमतं तसं पुस्तक वाचून जमत नाही. डिंकाच्या लाडूला तिने नाही म्हटलेलं नाही ना? मग ते करा, फक्त आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होऊन गेलीय, गरमी बघता दिवसाला एकच द्या.