ओझोनेटर बसवला की हॉट टबचं क्लोरीन बंद करता येतं का?

घरच्या हॉट टबला ओझोनेटर (म्हणजे ओझोन वायू बनवून पाण्यात सोडणारं मशीन) जोडला तर क्लोरीन पूर्ण बंद करता येईल का, आणि तो आपला आपण बसवता येतो का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं बहुतेक हो, विजेचं काम सोडून.

आम्ही इंदूरला राहतो. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी मागच्या अंगणात टब घेतला, बाराशे लिटरचा. (गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर आधी इंजिनीअरला विचारा, नुसतं पाणीच सव्वा टनाच्या आसपास भरतं.) नानांच्या गुडघ्यांना आराम पडला, पण क्लोरीनच्या वासाने ते वैतागायचे. दुकानदार म्हणाला, ओझोन लावा, केमिकलची कटकटच संपेल. लावला. क्लोरीनचा डबा कोठीच्या वरच्या फळीवर गेला.

पंधरा-वीस दिवसांनी मुलाच्या अंगावर लाल पुटकुळ्या उठल्या, त्यासुद्धा बरोब्बर पोहायच्या चड्डीखाली. मी घामोळं समजून पावडर लावत बसले. त्वचेच्या डॉक्टरांनी चड्डीची रेघ बघितली आणि पहिला प्रश्न केला, "गरम पाण्याच्या टबात बसला होता का?" स्यूडोमोनास नावाचे जिवाणू कोमट पाण्यात झपाट्याने वाढतात, आणि ओला कपडा ते पाणी अंगाला धरून ठेवतो. पुरळ आपोआप गेलं, पण डबा त्याच संध्याकाळी फळीवरून खाली आला.

झालं असं की ओझोन पाण्यात टिकतच नाही. 20 अंशांच्या स्वच्छ पाण्यात तो साधारण 20 मिनिटांत निम्मा होतो, आणि 38-40 अंशांच्या टबात तर त्याच्याही कितीतरी आधी. पाइपमधून जाताना जे पाणी त्याच्या तावडीत सापडतं तेवढं तो झकास साफ करतो. बाटलीबंद पाण्याचे कारखाने तो वापरतात, फ्रान्समधल्या नीस शहराने 1906 सालापासून पिण्याच्या पाण्यासाठी वापरला. पण टबात चार माणसं उतरली की त्यांच्या अंगावरून जे काही पाण्यात येतं, त्याच्यासाठी तिथे त्या क्षणी ओझोन नसतो. बऱ्याच टबांत तर जेटचं बटण दाबलं की ओझोनेटर मुद्दाम बंद होतो, बसलेल्यांच्या नाकात जाऊ नये म्हणून. तेव्हा पाण्यात क्लोरीन हवंच. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी हॉट टबसाठी किमान 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग) मुक्त, म्हणजे अजून खर्च न झालेलं, क्लोरीन किंवा 4 ते 8 पीपीएम ब्रोमीन सांगते, आणि पीएच (पाणी आम्लारी की अल्कली त्याचं माप) 7.0 ते 7.8. टेस्ट स्ट्रिप आणून बसण्याआधी बघत जा.

मग ओझोन कशाला? तर त्या वासासाठी. आपण ज्याला क्लोरीनचा वास म्हणतो तो खरं तर क्लोरामाइनचा असतो, म्हणजे घामाशी, अंगच्या मळाशी जुंपून दमलेलं क्लोरीन. वास फार आला तर बहुधा क्लोरीन कमी पडतंय. ओझोन हा मळ, तेल, लोशन यांचा बराचसा भार आपल्यावर घेतो, त्यामुळे क्लोरीन कमी खर्च होतं आणि वास उतरतो. आमच्याकडे रोजचे दोन चमचे लागायचे, आता एकात भागतं, आणि नानांची तक्रार बंद झाली.

आता बसवायचं. आधी मेन स्विच पाडा, मग टबाचं बाजूचं पॅनल उघडा. टब "ओझोन रेडी" असेल तर पाइपमध्ये व्हेंच्युरी (मधे अरुंद होणारा पाइपचा तुकडा) आधीच बसवलेली असते आणि तिथून बोटाएवढी बारीक नळी निघून तोंड बंद करून ठेवलेली दिसते. पाण्याच्या वेगाने व्हेंच्युरी हवा ओढते, तिथेच ओझोनेटर जोडायचा. व्हेंच्युरी नसेल तर पीव्हीसी पाइप कापावा लागतो, ते प्लंबरवर सोडा, आणि जोड हीटरच्या पुढे, टबाकडे परत जाणाऱ्या लाइनवर घ्यायला सांगा. ओझोनेटर पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नळीला त्याहून वर एक वेटोळं द्या आणि मध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह घाला. नाहीतर पंप बंद झाला की पाणी उलटं चढून मशीनमध्ये शिरतं आणि मशीन गेलंच म्हणून समजा. साधी रबरी नळी चालत नाही, ओझोन रबर खातो, महिन्या-दोन महिन्यांत भेगा पडतात. व्होल्टेज डोळ्यांनी वाचा, 120 व्होल्टचा बाहेरचा माल आपल्या 230 ला लावू नका. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) नसेल तर आधी ते, ओझोन नंतर.

मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट वेगळीच. पहिल्याच पावसाळ्यात पाणी पुन्हा गढूळ व्हायला लागलं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो वाकून बघत म्हणाला, "मॅडम, बुलबुले आ रहे हैं ना? मतलब चालू है." मीही मान डोलावली. मागे खुर्चीवरून नाना म्हणाले, "अगं पण झाकण उघडल्यावर तो झेरॉक्सच्या दुकानासारखा वास येत नाही आताशा." आणि बरोबर होतं त्यांचं. बुडबुडे म्हणजे व्हेंच्युरी हवा ओढतेय, एवढंच. त्या हवेत ओझोन आहे की नाही ते बुडबुडे सांगत नाहीत. मशीन उघडलं तर आतल्या पट्टीवर हिरवट-पांढरी खरपुडी चढलेली. ठिणगीवर चालणाऱ्या ओझोनेटरमध्ये दमट हवा गेली की ओझोन घटतो आणि हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल तयार होतं, ते सगळं खातं. आता पावसाळ्यात मी हवेच्या तोंडाशी सिलिका जेलची डबी लावते आणि जेल ओलं झालं की बदलते. यूव्ही दिव्याच्या ओझोनेटरला दमटपणाचा त्रास कमी, पण त्यात ओझोन मुळातच कमी बनतो आणि दिवा हळूहळू मंदावतो. (नानांचं बघून नळीला नाक मात्र लावू नका, ओझोन फुप्फुसांना चांगला नाही. झाकण उघडून दहा-पंधरा मिनिटांनी उतरा. बंद झाकणाखाली साठलेला ओझोन झाकणाचं अस्तर आणि टबातल्या डोकं टेकायच्या उशाही कडक करतो.)

आमच्याकडे बोरिंगचं पाणी जड, त्यावर ओझोन काही करत नाही. उलट सतत बुडबुडे सुटल्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि हीटरवर क्षार आणखी लवकर बसतात. म्हणून टब आम्ही नर्मदेच्या पाण्याने भरतो, ते एक दिवसाआड येतं, त्यामुळे हौद दोनदा भरेपर्यंत थांबावं लागतं.

शेवटचं, टब किती वापरता ते तुम्ही लिहिलेलं नाही. रोज दोघं-तिघं बसत असाल तर जरूर घ्या. पण महिन्यातून दोनदा पाहुणे आले की उघडायचा असेल तर सोडून द्या. रिकाम्या टबात मळ नसला की ओझोन तुमचं क्लोरीनच खात बसतो.