अनोळखी माणसाची स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच डिटेलिंगला (बारकाईने सफाई आणि चमकावणीला) घेतोय. थेट मशीन पॉलिश करू का?

लगेच नको. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात, त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, जेमतेम ४०-५०. पॉलिश करताना हाच थर थोडा घासला जातो. आधी कुणी दोन-तीनदा घासून गेलं असेल तर तुमच्या वाट्याला किती उरलाय ते डोळ्यांना दिसत नाही. जाडी मोजायचं मीटर मिळवा. पण साधं मीटर प्लॅस्टिक बंपर किंवा कार्बन फायबरवर चालत नाही, आणि अशा गाड्यांत हेच भाग जास्त. मीटर नसेल तर धुणं, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) आणि वॅक्स एवढंच कबूल करा. मालकाला त्यात वाईट वाटायचं कारण नाही.

गाडी ताब्यात घेतानाच मालकासमोर प्रत्येक ओरखड्याचा, रिमच्या कडांचा फोटो काढा. पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) किंवा सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावलेला कडक संरक्षक लेप) आहे का, तेही तेव्हाच विचारा. फिल्मच्या कडेवर जवळून प्रेशर वॉशर मारलात तर ती उचकटते. ब्रेक तापलेले असताना चाकांवर पाणी नको. धुवायला दोन बादल्या (एक साबणाची, एक कपडा खळबळायला), चाकांचा कपडा वेगळा.

आणि हो, अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. गाडी हलवायची असेल तर किल्ली मालकाच्याच हातात द्या.