वडिलांची टावी (छाती न उघडता, नळीतून हृदयाची महाधमनीची झडप बसवणं) झाली. इकोच्या रिपोर्टमध्ये 'माइल्ड पॅराव्हॉल्व्ह्युलर लीक' लिहिलंय. घाबरण्यासारखं आहे का?

नाही. अशी सौम्य गळती, म्हणजे नव्या झडपेच्या कडेने थोडं रक्त मागे झिरपणं, टावीनंतर बऱ्याच जणांत दिसते आणि तेवढ्यासाठी सहसा काही करावं लागत नाही. पण इको ठरल्या वेळी करत राहा.

टावीत जुनी झडप काढत नाहीत. बहुधा मांडीच्या धमनीतून नवी झडप नेऊन जुनीच्या आतच उघडतात. जुन्या झडपेवर कॅल्शियमचे ओबडधोबड थर असतात, त्यामुळे नवी झडप सगळीकडून घट्ट टेकत नाही आणि कडेच्या फटीतून रक्त उलटं हृदयात येतं. माप लहान पडलं किंवा झडप खाली-वर बसली तरी हेच होतं. म्हणून तर आधी सीटी स्कॅन करून माप घेतात. 2002 मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी पहिली टावी केली. सुरुवातीच्या झडपांत ही गळती जास्त असायची. आताच्या बऱ्याच झडपांना बाहेरून पट्टा असतो, तो फटी बुजवतो.

मध्यम किंवा तीव्र गळती मात्र अंगावर काढू नका, तिने हृदयावर ताण येतो आणि जिवाचा धोका वाढतो. फुग्याने झडप आणखी फुलवणं, आत दुसरी झडप बसवणं किंवा फटीत प्लग घालणं, हे उपाय आहेत.

आडवं झाल्यावर दम लागणं, पायांवर सूज, गडद लघवी किंवा हिमोग्लोबिन घसरणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. जुने इको रिपोर्टही सोबत न्या.