१०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही रात्री गेममध्ये पिंग ९० च्या वर का जातो? गेमिंग राउटर घेऊ का?

राउटर घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी गाडी भलतीकडे जाणार आहे.

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळता, मुंबईचाच सर्व्हर निवडता, दिवसा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) ३० असतो आणि रात्री नऊनंतर ९० च्या पुढे. ते ‘रात्री नऊनंतर’ वाचलं आणि मला आमच्या दुकानाच्या शटरचा आवाज आठवला.

आमचं सांगलीत खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर घर. नेट एकच, खालून जिन्यातून वर वायर ओढलेली. दुकान दादा बघतो. रात्री सव्वानऊला खडखडत शटर खाली यायचं आणि दोन-तीन मिनिटांत माझा पिंग १८ वरून ४०० वर. रोज. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे कळायला मला दोन महिने लागले, आणि मी म्हणे कॉम्प्युटर शिकलेला.

त्या दोन महिन्यांतच, २०२२ साली, एका ऑनलाइन स्पर्धेची पात्रता फेरी होती. टीममध्ये आम्ही तिघे सांगलीचे, एक कराडचा, एक नाशिकचा. सामना पावणेनऊला सुरू झाला. पहिला हाफ ८-४, आमच्या बाजूने. दुसऱ्या हाफच्या तिसऱ्या राउंडला मी दारातून धावत बाहेर पडलो, माझ्या पडद्यावर खोक्यामागे पोहोचलोसुद्धा, आणि सर्व्हरने मानगूट धरून मला परत दारात आणून उभं केलं. समोर त्यांचा स्नायपर बसलेलाच होता. पुढच्या राउंडला तेच. त्याच्या पुढच्या राउंडलाही तेच. १०-१३ ने हरलो. कॅप्टन म्हणाला, “नेट नाही रे, तुझे हात लॅग होतात.” दुसऱ्या दिवशी डिस्कॉर्डच्या ग्रुपवर मी नव्हतो.

हे ‘परत दारात’ प्रकरण काय असतं ते सांगतो, कारण पुष्कळ जण यासाठी सर्व्हरला शिव्या घालतात. १९९६ मध्ये क्वेकवर्ल्ड आलं तेव्हापासून नेमबाजीच्या गेममध्ये तुमचं स्वतःचं पळणं तुमचा पीसी सर्व्हरची वाट न बघता दाखवून मोकळा होतो. नाहीतर बटण दाबल्यावर पाय उशिरा उचलला जाईल. पण खरा हिशेब सर्व्हरकडेच. तुमची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, त्याच्याकडे उशिरा पोहोचली किंवा पोहोचलीच नाहीत, की त्याच्या वहीत तुम्ही अजून दारातच असता. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदाला एकदा. ४०० मिलिसेकंदांत त्याचे पन्नास हिशेब तुमच्याशिवाय होऊन जातात.

दादाकडे तक्रार केली. आधी ५० चा प्लॅन होता, त्याने तो १०० चा करून दिला. फरक शून्य. पुन्हा बोललो तर म्हणाला, “शंभरचा घेऊन दिलाय की तुला, आता काय हजारचा घेऊ?”

इथेच सगळी गोम आहे. गेमला एक एमबीपीएसच्या आसपास मिळालं तरी बास होतं. आमच्या केबलवाल्याच्या ५० च्या प्लॅनला अपलोड, म्हणजे घरातून बाहेर पाठवायचा वेग, १० होतं आणि १०० च्या प्लॅनलाही १०च. प्लॅनच्या जाहिरातीत तो आकडा नसतो, विचारावा लागतो.

मग एका रात्री मी पीसीवर कमांडच्या तीन काळ्या खिडक्या उघडून बसलो. एकीत राउटरला पिंग, दुसरीत केबलवाल्याच्या पहिल्या टप्प्याला, तिसरीत गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. शटर वाजलं. पहिली खिडकी १ मिलिसेकंद. दुसरी १२, १५, ९०, २६०, ४१२. तिसरीही तशीच. म्हणजे मुंबईचा सर्व्हर निर्दोष, लफडं आमच्या घराच्या उंबऱ्यावरच. स्लिपर घालून खाली गेलो, अर्धं शटर उचलून आत वाकलो. बिलिंगचा पीसी चालू, कोपऱ्यात ड्राइव्हचं चिन्ह गोल गोल फिरतंय. दिवसभराच्या टॅलीतल्या हिशेबाचा बॅकअप आणि चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, सगळं एकदम अपलोड होत चाललेलं. दादा दुकान बंद करताना ते लावून जायचा. मी मागची वायर उपटली आणि पुतण्याला हाक मारली, “बघ रे, किती?” तो वरून ओरडला, “काका, चौदा!”

हिशेब सोपा आहे. १० एमबीपीएसच्या वाटेने अर्धा एमबी माल बाहेर पडायला ४०० मिलिसेकंद लागतात. राउटर एवढा माल बिनधास्त पोटात साठवून ठेवतो आणि तुमच्या गेमचं इवलंसं पाकीट त्या रांगेच्या शेवटी. किणी टोलनाक्यावर ट्रकांच्या मागे अडकलेल्या दुचाकीसारखं. अलीकडचा रस्ता सहा पदरी करून काय होणार?

ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडला ५०० केबीची मर्यादा घातली. विषय संपला. पण नशीब बघा, त्याच आठवड्यात दादाने माझ्यावर वैतागून प्लॅन २०० चा करून टाकला होता. आजही घरात लग्नकार्य असो की बारसं, तो चार लोकांत सांगतो, “दोनशेचा घेतला तेव्हा याचा गेम चालायला लागला.” मी तोंड उघडलं की म्हणतो, “योगायोग.” अपलोड २०० लाही १०च होतं, हे त्याला मी पावतीवर बोट ठेवून दाखवलंय.

आता तुमचं. रात्री ९० होतो म्हणता, पण ९० वर स्थिर राहतो की ६०, १५०, ३०० असा उड्या मारतो? उड्या मारत असेल तर ती रांग आहे. घरात कोण काय अपलोड करतंय बघा: कॅमेरे, फोनचे फोटो, कुणाची व्हिडिओ मीटिंग. घरात काहीच नसेल तर रांग केबलवाल्याकडे आहे, रात्री सगळा गाव नेटवर असतो. तिथे तुम्ही फक्त भांडू शकता. आकड्यांचे फोटो काढून ठेवा, फोनवरच्या पोराला ‘लॅग’ सांगून काही कळत नाही.

९० वर स्थिर असेल तर पाकिटं लांबून जातायत. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सातारा ते मुंबई जाऊन-येऊन त्याला ३-४ मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. सिंगापूरला जाऊन यायला सरळ रेषेतही ३९ लागतात, आणि तार कधी सरळ रेषेत नसते. म्हणजे एकतर मित्रांच्या पार्टीत गेमने तुम्हाला सिंगापूरला टाकलंय, किंवा केबलवाला रात्री स्वस्तातली वाट धरून मुंबईचा माल भलत्याच लांबून फिरवतोय. ट्रेसरूट (पाकिटं कुठल्या टप्प्यांतून जातात ते दाखवणारी कमांड) दिवसा एकदा काढा, रात्री एकदा काढा, मधले टप्पे जुळवून बघा.

सर्व्हरच आजारी असेल तर दहाच्या दहा जण चॅटमध्ये बोंबलतात. एकटे तुम्हीच बोंबलत असाल तर सर्व्हर ठीक आहे.

हे सगळं तुम्ही वायरवर खेळताय असं धरून लिहिलं. वायफायवर असाल तर आधी वायर लावा, वरचं नंतर वाचा. आणि ‘राउटर घेऊ नका’ म्हणालो ते झगमगत्या शिंगवाल्या गेमिंग राउटरबद्दल. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा साधा राउटर मिळाला आणि त्यात एसक्यूएम (रांग लांबू न देणारी सोय) लावता आलं तर ही रांग तोच आवरतो. अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवायची. दादाला हे समजावत बसण्यापेक्षा मीही तेच करायला हवं होतं.

नेटचं बिल हल्ली मी भरतो. गेल्या नूतनीकरणाला २०० चा परत ५० करून टाकला. पिंग १६. दादाला अजून पत्ता नाही.